निराशेच्या घटकेला सोबत

शरीराला ताप आला म्हणजे घरांत एकदम हालचाल सुरू होते. कोणी कपाळावर हात ठेवून पाहतें, कोणी काढा करतें, कोणी डॉक्टरांकडे धांवतें. शेजारीपाजारीही विचारपूस करून जातात. परंतु त्याच घरांतील एखाद्या माणसाच्या मनांत ‘आतां जगणें नको’ हा विचार ठाण मांडून बसला, तर बहुधा कोणासही त्याची चाहूल लागत नाहीं. आणि लागलीच, तर ती बोलून दाखविली जात नाहीं. ज्याला तो विचार छळतो तो लाजेनें गप्प राहतो, आणि ज्याला शंका येते तो भयानें गप्प राहतो. ह्या दुहेरी मौनांतच खरा धोका आहे. आत्महत्येचा विचार मनांत येणें हें मोठें संकट खरें, परंतु तें असाध्य नव्हे. त्यावर उपाय आहेत, आणि त्यांतील पहिला उपाय घरांतल्या साध्या माणसाच्या हातीं आहे.

ऐकणाऱ्यांपैकीं एखाद्याला हा विचार आज प्रत्यक्ष छळत असेल, तर त्यानें पुढील विवेचनाची वाट पाहूं नये. घरांतील किंवा शेजारच्या माणसाला जवळ बोलवावें, आणि १४४१६ ह्या क्रमांकावर टेलिफोन करावा. त्या क्रमांकाची माहिती पुढें येईलच; पण आधीं टेलिफोन, मग विवेचन.

हा प्रश्न किती घरांचा आहे, हें एका आंकड्यावरून कळेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत १,७०,९२४ माणसें आत्महत्येनें गेलीं. म्हणजे दररोज सुमारें ४६८. त्यांपैकीं २२,७४६ एकट्या महाराष्ट्रांतील होतीं, आणि ही संख्या त्या वर्षीं सर्व राज्यांत अधिक होती. नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक अडचणी शेंकडा ३१.७ व आजार शेंकडा १८.४ होते. असा मृत्यु कोणत्याही एकाच कारणानें घडत नाहीं. अनेक धागे गुंतत जातात, आणि नोंदवहींत त्यांतील एकच लिहिला जातो. तथापि एवढें दिसतें कीं, हीं कारणें परक्या जगांतलीं नव्हेत. भांडण, कर्ज, दुखणें, अपमान, नापास होणें, प्रेमभंग, हीं दुःखें प्रत्येक आळींत आहेत. म्हणून ‘आपल्या घरीं असें व्हावयाचें नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

मग अशा वेळीं मनाचें होतें तरी काय? ह्या विषयाचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनीं पुढें नेला, त्यांत अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांचें नांव अग्रभागीं आहे. १९५८ सालीं लॉस एंजल्स शहरांत आत्महत्या टाळण्यासाठीं जें केंद्र निघालें त्याचे ते एक संस्थापक होते. त्यांच्या विवेचनांतील तीन गोष्टी प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, अशा माणसाला मृत्यूची आवड नसते. त्याला असह्य झालेली मनाची वेदना थांबवावयाची असते. दुसरी ही कीं, त्याची दृष्टि आंखडते. दहा वाटा असतांना त्याला दोनच दिसूं लागतात: ही वेदना अशीच चालूं देणें, किंवा सर्वच संपविणें. दिव्याच्या कांचेला काजळी धरली म्हणजे खोली अंधारते, पण दिवा विझलेला नसतो. तसेंच हें आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अशा माणसाचें मन शेवटपर्यंत दोलायमान असतें. जगणें नको म्हणणाऱ्या त्याच मनाचा दुसरा भाग कोणीतरी हांक मारावी म्हणून कान टवकारून बसलेला असतो. मदत करावयाची ती ह्या दुसऱ्या भागाला.

ह्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही तीव्र घटका लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. मूळ दुःख पुष्कळ दिवस राहील. पण जीव देण्याची उत्कट ऊर्मि तितके दिवस राहत नाहीं. ती बहुधा कांहीं मिनिटें अथवा कांहीं तास टिकते. सॅन फ्रान्सिस्को येथें १९३७ ते १९७१ ह्या काळांत आत्महत्येच्या प्रयत्नापासून ज्यांना अगदीं शेवटच्या क्षणीं परत फिरविण्यांत आलें, अशा ५१५ माणसांचा पुढें काय वृत्तांत झाला, ह्याचा शोध रिचर्ड सायडन यांनीं घेतला व तो १९७८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील शेंकडा नव्वदांहून अधिक माणसें तेव्हां जिवंत होतीं किंवा नैसर्गिक मरणानें गेलेलीं होतीं. ‘ज्याला मरावयाचें तो आज नाहीं तर उद्यां मरणारच’ ही समजूत किती चुकीची आहे, हें ह्यावरून दिसून येईल. एक घटका टळली म्हणजे बहुतेकांचें आयुष्य वांचतें.

ही अवस्था आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. वाल्मीकीच्या सुंदरकांडांत तिचें चित्र दोनदां आलें आहे. लंकेचा कानाकोपरा धुंडाळूनही सीता सांपडत नाहीं, तेव्हां प्रत्यक्ष हनुमंत खचतो. ‘मी रिकाम्या हातीं परतलों तर राम जगणार नाहीं, राम गेला तर लक्ष्मण, मग भरत, मग माता, मग सुग्रीव’ अशी अनर्थांची मालिका तो मनांत रचीत जातो, आणि आपणही प्राण ठेवूं नये ह्या निर्णयापर्यंत येऊन पोंचतो. ज्याला आपण बलबुद्धीचा देव मानतों त्याच्या मनांतही हा विचार आला. मग तो येणाऱ्या माणसाला भ्याड किंवा दुबळा म्हणण्याचें धाडस कोणीं करावें? पण हनुमंत त्या विचारापाशीं थांबतो. मरणांत अनेक दोष आहेत आणि जगणाऱ्यालाच कल्याण भेटूं शकतें, असें तो स्वतःला बजावतो; आणि त्यानंतर त्याची नजर एका वनाकडे जाते, जें त्यानें अजून शोधलेलेंच नाहीं. तीच अशोकवनिका. सीता तेथेंच होती. निराशेनें दृष्टि आंखडली असतां हीच एक जागा दिसेनाशी झाली होती.

दुसरें चित्र त्याच वनांतलें. रावणाची मुदत आणि राक्षसींचा छळ ह्यांनीं गांजलेली सीता जीवनाचा अंत करण्याच्या विचारांत आहे. झाडावर बसलेल्या हनुमंताला तें समजतें. पण तो एकदम खालीं उडी टाकीत नाहीं, कीं तिला धीर सोडल्याबद्दल दोष देत नाहीं. तो विचार करतो कीं, आपण कोणत्या वाणीनें बोललों असतां ही घाबरणार नाहीं? विद्वानासारखें बोललों तर हिला रावणच वेषांतर करून आला असें वाटेल. आणि कांहींच न बोलतां निघून गेलों तर ही उरणार नाहीं. म्हणून तो साध्या माणसाच्या भाषेंत, मृदु स्वरांत, तिच्या जिव्हाळ्याच्या माणसांची कथा सांगूं लागतो. तिची शंका, तिचे प्रश्न, तिचें रडणें हें सर्व तो ऐकून घेतो. रामाची अंगठी तो त्यानंतर देतो. संकटांतल्या माणसाजवळ कसें जावें ह्याचा ह्याहून चांगला पाठ सांपडणें कठीण. आधीं भय घालवावें, मग ऐकावें, आणि मग ज्यांच्याशीं त्याचा जीव जडलेला आहे त्यांच्याशीं तुटलेला धागा पुन्हां जोडून द्यावा.

ह्याच तत्त्वावर आधुनिक काळांतील एक मोठी संस्था उभी राहिली. चॅड व्हॅरा नांवाचे इंग्रज धर्मोपदेशक १९३५ सालीं लिंकन येथें काम करीत असतां त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधि करावा लागला. वयांत येतांना शरीरांत जो स्वाभाविक बदल होतो, त्याला ती लज्जास्पद रोग समजली होती. आणि विचारावें असें तिला कोणीही माणूस नव्हतें. तिनें जीवन संपविलें. ही गोष्ट व्हॅरा यांच्या मनांतून गेली नाहीं. १९५३ च्या नोव्हेंबरांत लंडनमधील आपल्या देवळांत त्यांनीं एक टेलिफोन ठेवला आणि आत्महत्येच्या विचारांत असणाऱ्यांनीं तेथें बोलावें असें जाहीर केलें. लोक येऊं लागले. ओळ लागूं लागली. ओळींत थांबलेल्यांना चहा देण्यासाठीं कांहीं साधे स्वयंसेवक बसत. थोड्याच दिवसांत व्हॅरा यांच्या लक्षांत आलें कीं, चहाचा पेला हातीं घेऊन त्या स्वयंसेवकांशीं बोलतां बोलतांच पुष्कळांचें मन हलकें होतें, आणि आंत येऊन तज्ज्ञाचा सल्ला घेण्याची गरजच त्यांना उरत नाहीं. त्यांनीं हें काम स्वयंसेवकांवरच सोंपविलें. तीच समॅरिटन्स ही संस्था. भारतांतही ह्या धर्तीवर काम झालें. चेन्नई येथें १९८६ सालीं डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनीं ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. आपल्याकडे ठाणें येथें १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढून मनाच्या आजारांविषयीं मराठींतून मोकळेपणानें बोलण्याची वाट पाडली.

आतां घरांतील माणसानें काय करावें तें पाहूं. प्रथम खुणा ओळखाव्यात. ‘मी सर्वांना ओझें झालों आहें’, ‘माझ्यावांचून तुमचें बरें चालेल’ अशीं वाक्यें वारंवार येणें, माणसांत मिसळणें सोडणें, झोंप आणि अन्न तुटणें, आवडीच्या वस्तु अकारण वांटून टाकणें, निरवानिरव केल्यासारखें वागणें, दारू वाढणें, आणि दीर्घ उदासीनतेनंतर कारण नसतां एकाएकीं अगदीं शांत होणें, ह्यांकडे दुर्लक्ष करूं नये. जो बोलून दाखवितो तो कधीं करीत नाहीं, ही म्हणच घातक आहे. बोलून दाखविणें म्हणजे हांक मारणें होय.

खूण दिसली तर सरळ विचारावें. येथेंच बहुतेकांची जीभ अडखळते. ‘आपण विचारलें तर नसता विचार डोक्यांत भरवून देऊं’ असें भय वाटतें. हें भय निराधार आहे. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील सहा शाळांमध्यें २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला मॅडेलिन गूल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना आत्महत्येविषयीं स्पष्ट प्रश्न विचारले, त्यांच्या मनाचा त्रास न विचारलेल्यांहून वाढला नाहीं. उलट आधींच संकटांत असलेल्या मुलांना विचारल्यानें कांहींसें हलकेंच वाटलें. तेव्हां धाकट्या भावानें थोरल्याला एकांतांत हात धरून विचारावें, ‘दादा, फार त्रास होतो आहे ना? जीव द्यावा असें कधीं मनांत येतें का?’ आईनें मुलीला, सुनेनें सासूला, मित्रानें मित्राला ह्याच साधेपणानें विचारावें. शब्द गुळमुळीत नसावेत आणि स्वर कठोर नसावा.

विचारल्यावर ऐकावें. हें वाटतें त्याहून कठीण आहे. उत्तर ‘होय’ असें आलें कीं ऐकणारा घाबरतो आणि उपदेश करूं लागतो. ‘लोकांना ह्याहून मोठीं दुःखें आहेत’, ‘एवढें शिकून हें शोभतें का’, ‘आईबापांचा तरी विचार कर’, ‘देवाचें नांव घे म्हणजे सारें ठीक होईल’, हीं वाक्यें मायेपोटीं निघतात, पण ऐकणाऱ्याला तीं दार लावून घेतल्यासारखीं वाटतात. जो आधींच स्वतःला अपराधी समजतो त्याच्यावर आणखी अपराध लादला जातो. त्यापेक्षां ‘तूं हें सांगितलेंस हें फार चांगलें केलेंस, आतां हें ओझें तुझ्या एकट्याचें नाहीं’ एवढें पुरे. मग तो रडो, रागावो, तेंच तेंच दहादां सांगो. घड्याळाकडे न पाहतां बसावें. ‘हें कोणाला सांगूं नकोस’ अशी शपथ त्यानें घातली तर मात्र ती स्वीकारूं नये. ‘जीवाला धोका असेल तर मदत करणाऱ्याला सांगावेंच लागेल, पण तुझ्याबरोबर राहून सांगूं’ असें स्पष्ट म्हणावें.

लाट चढलेली असेल तोंपर्यंत त्याला क्षणभरही एकटें सोडूं नये. घरच्यांनीं पाळीपाळीनें जवळ बसावें. ज्या वस्तूंनीं जीवाला अपाय होऊं शकेल त्या गाजावाजा न करतां घराबाहेर, दुसऱ्याच्या स्वाधीन कराव्या. हा उपाय किरकोळ वाटतो, परंतु घटका टळण्यावरच सर्व अवलंबून असल्यामुळें तो फार मोलाचा आहे. धोका अगदीं समोर दिसत असेल तर ११२ क्रमांकावर मदत मागावी, किंवा जवळच्या रुग्णालयांत न्यावें. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्यावी. खोल उदासीनता हा रोग आहे, स्वभावदोष नव्हे. औषधानें आणि बोलण्याच्या उपचारानें तो बरा होऊं शकतो. औषधाचा गुण दिसावयास बहुधा कांहीं आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत निराश होऊन, किंवा बरें वाटूं लागतांच, तें आपल्या मनानें बंद करूं नये.

आतां वर सांगितलेल्या क्रमांकाविषयीं. केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलि-मानस’ नांवाची सेवा सुरू केली. १४४१६ अथवा १८०० ८९१ ४४१६ ह्या क्रमांकांवर ती रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतही मिळते. पलीकडचा माणूस शिकविलेला असतो, नांव सांगण्याचा आग्रह धरीत नाहीं, आणि गरज पडल्यास तज्ज्ञाकडे जोडून देतो. हा टेलिफोन स्वतः संकटांत असलेल्यानेंच करावा असें नाहीं; काळजींत पडलेल्या नातेवाइकानेंही तो करून सल्ला घ्यावा.

ज्याला हा विचार वारंवार येतो त्यानें स्वतःसाठीं करण्याजोगी एक गोष्ट अशी. मन शांत असेल त्या दिवशीं एक कागद घ्यावा. बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन ह्या अमेरिकन अभ्यासकांनीं तयार केलेली आणि २०१२ सालीं विस्तारानें प्रसिद्ध केलेली ही रीत आतां अनेक देशांत वापरली जाते. कागदावर क्रमानें सहा गोष्टी लिहावयाच्या: लाट येऊं लागल्याच्या आपल्या खुणा कोणत्या, अशा वेळीं एकट्यानें काय केल्यानें मन थोडें वळतें, कोणत्या माणसांत वा ठिकाणीं गेल्यानें विसर पडतो, कोणाजवळ उघड बोलतां येईल, डॉक्टर व मदतीचा टेलिफोन ह्यांचे क्रमांक, आणि आपल्या भोंवतालची जागा निर्धोक कशी करावी. त्यांत जगण्याचें एखादें कारणही लिहावें. तें लहान असलें तरी चालेल. बुडणाऱ्याला पोहण्याचें शास्त्र आठवत नाहीं. पण हातीं दोर आला तर तो धरतो. हा कागद म्हणजे तो दोर. लाट आली कीं कांहींही निर्णय न घेतां कागदाप्रमाणें एकेक पायरी करीत जावें. ‘आजची रात्र कांहीं ठरवावयाचें नाहीं’ एवढाच निश्चय करावा, दारूपासून दूर राहावें, आणि पहिल्याच पायरीला न थांबतां माणसापर्यंत पोंचावें.

विद्यार्थ्यांच्या घरांविषयीं एक शब्द वेगळा सांगितला पाहिजे. परीक्षेच्या निकालाचे दिवस कित्येक मुलांना प्राणांतिक वाटतात. निकाल लागल्यावर समजूत घालण्यापेक्षां तो लागण्यापूर्वींच आईबापांनीं स्पष्ट सांगावें कीं, गुण कितीही पडले तरी ह्या घरांतील तुझी जागा हलणार नाहीं. हें मनांत असून उपयोगी नाहीं. तें मुलाच्या कानांवर पडलें पाहिजे.

पुष्कळ कुटुंबें कायद्याच्या भयानें मदत मागत नाहींत. जुन्या भारतीय दंडसंहितेंत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. परंतु २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें हा कायदा गृहीत धरतो, आणि त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हें सरकारचें कर्तव्य ठरवितो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेंत जुनें सर्वसाधारण कलम नाहीं. सरकारी नोकराच्या कामावर दबाव आणण्यासाठीं केलेल्या प्रयत्नापुरतेंच एक कलम उरलें आहे. तेव्हां रुग्णालयाची पायरी चढण्यास कोणीं भिऊं नये.

संकट टळलें म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. रुग्णालयांतून घरीं आल्यानंतरचे पहिले आठवडे विशेष जपण्याचे असतात. सॅन फ्रान्सिस्को येथील मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनीं, निराशेमुळें किंवा आत्मघाताच्या प्रयत्नामुळें रुग्णालयांत आलेल्या, परंतु पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पांच वर्षें मधून मधून साधीं पत्रें पाठविलीं. त्यांत ना उपदेश, ना चौकशी, ना कांहीं मागणी. आपली आठवण आहे, बरें असावें अशी इच्छा आहे, वाटल्यास उत्तर लिहावें, एवढाच आशय. पांच वर्षांत अशीं चोवीस पत्रें. पहिल्या दोन वर्षांत पत्रें मिळालेल्या गटांत आत्महत्येचें प्रमाण दुसऱ्या गटापेक्षां स्पष्टपणें कमी आढळलें. जेथें औषध नाकारलें गेलें तेथें चार ओळींच्या आठवणीनें कांहीं माणसें धरून ठेवलीं. मोबाईलवर चार ओळी पाठविण्यास आज कोणालाच फार वेळ लागत नाहीं. फक्त त्या पहिल्या आठवड्यानंतरही जात राहिल्या पाहिजेत.

आणि इतकें करूनही कोठें अपयश आलें, तर मागें राहिलेल्या घरच्यांकडे बोट दाखवूं नये. त्यांनाही त्याच सोबतीची गरज असते. तेराव्या दिवसानंतर शेजाऱ्यांची पावलें त्यांच्या दाराकडे वळलीं पाहिजेत.

निराशेच्या घटकेंत सांपडलेल्या माणसाचें सर्व दुःख दुसरा कोणी नाहींसें करूं शकत नाहीं. कर्ज तेवढेंच राहील, गेलेलें माणूस परत येणार नाहीं. परंतु ती घटका त्यानें एकट्यानें काढावी लागूं नये, एवढें प्रत्येक घराला करतां येईल. ज्या घरांत असा माणूस असेल त्या घरानें आजच त्याच्याजवळ जाऊन बसावें आणि विचारावें. ज्याच्या मनांत तो विचार असेल त्यानें, घशांत शब्द अडकले तरी, एका माणसाला हांक मारावी. हनुमंताला जें वन दिसत नव्हतें तें त्याच लंकेंत होतें. त्याचा शोध घेण्यापुरता अवकाश त्यानें स्वतःला दिला, आणि म्हणूनच तो तेथवर पोंचला.